घाटाखालचं मूल आणि पहिली दहा मिनिटं

बुलढाणा जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा, जिल्ह्याचे दोन भाग तो लगेच सांगेल: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. तेरा तालुके, साडेनऊ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा पसारा आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे 25 लाख 86 हजार माणसं. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावरून सिरियस मूल जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर पूर्णेचं खोरं ओलांडायचं आणि मग राजूरचा नाहीतर बोथ्याचा घाट चढायचा. तिथंही जमलं नाही तर पुढे अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर. धाप लागलेल्या दोन वर्षांच्या पोराला एवढा वेळ मिळत नाही. त्याचा निकाल बहुतेक वेळा वाटेतल्या पहिल्या दारातच लागतो. कधी ते प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, कधी ग्रामीण रुग्णालय, कधी तालुक्याच्या गावातला खासगी दवाखाना. रात्रीच्या वेळी त्या दारात बालरोगतज्ज्ञ नसतो. एक स्टाफ नर्स असते, एक मावशी किंवा कक्षसेवक असतो आणि हाकेच्या अंतरावर, नशीब असेल तर, मेडिकल ऑफिसर.

म्हणून बालकांच्या तातडीच्या उपचारांसाठी कुणाला काय शिकवायचं हा प्रश्न मला बालरोगतज्ज्ञांच्या संख्येपेक्षा आधीचा वाटतो. तज्ज्ञ हवेतच, त्यांच्या रिकाम्या जागा भरायलाच हव्यात. पण उद्या सगळ्या भरल्या तरी रात्री दोनला दार उघडणारी सिस्टरच असेल. पहिली दहा मिनिटं तिची आहेत, आणि आपली प्रशिक्षणाची सगळी मांडणी मात्र अकराव्या मिनिटापासून सुरू होते.

गरज शोधायची आपली पद्धतच मुळात उलटी आहे. कर्मचाऱ्यांना एक फॉर्म दिला जातो: खालीलपैकी कोणत्या विषयाचं प्रशिक्षण आपणास आवश्यक वाटतं? लोक प्रामाणिकपणे खुणा करतात. व्हेंटिलेटर, ईसीजी, नवी औषधं. जे येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे त्यावर खूण होते. जे येतं असं वाटतं पण हाताला येत नाही त्यावर कुणीच करत नाही. पिशवी आणि मास्कने श्वास देता येतो का, असं विचारलं तर सगळे हो म्हणतील. मग एक बाहुली टेबलावर ठेवा, घड्याळ लावा आणि म्हणा की हे आठ महिन्यांचं बाळ आहे, श्वास थांबलाय. तेव्हा दिसतं की मास्क मोठ्या माणसाचा आहे, गच्च बसत नाही आणि छाती वर येत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे, पण त्याची चावी दुसऱ्या वॉर्डात आहे. इमर्जन्सी ट्रे कुलपात आहे आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरांच्या पर्समध्ये, कारण औषधं हरवली तर भरपाई त्यांच्या पगारातून होईल ही भीती. यातलं काहीच कुठल्या फॉर्मवर येणार नाही. विचारून गरज कळत नाही, ती करायला लावून कळते.

मोठ्या माणसावर शिकलेला हात मुलावर चालत नाही, याची कारणं शरीरातच आहेत. मोठ्यांचं बहुधा आधी हृदय बंद पडतं आणि मग श्वास. मुलांचं उलट. आधी श्वास कमी पडतो, हृदय तग धरून राहतं आणि मग एकाएकी हात टेकतं. त्यामुळे शेततळ्यातून काढलेल्या पोराला सर्वांत आधी श्वास द्यायचा असतो. गावात मात्र त्याला उलटं धरून गरगर फिरवतात, पाणी निघावं म्हणून, आणि त्यात हातची मिनिटं जातात. औषधांचं गणित तर प्रत्येक मुलामागे नव्यानं मांडावं लागतं. वजन कळल्याशिवाय डोस नाही आणि झटके येणाऱ्या पोराला काट्यावर उभं करता येत नाही. वयात चार मिळवून दुप्पट करायची हे जुनं सूत्र कामाला येतं, पण कुपोषित मुलात ते वजन फुगवून सांगतं. आणि हे सगळं पाठ झालं म्हणेपर्यंत अपवाद येतोच. सापाच्या विषावरचं औषध मुलाला मोठ्या माणसाइतकंच द्यायचं असतं, कारण विष टोचताना साप समोरच्याचं वय बघत नाही. मूल म्हणजे अर्धा डोस, असं ज्याच्या हातात बसलंय तो इथेच घात करतो.

थंड हातपायांचं उदाहरण थोडं सविस्तर घेतो, कारण या जिल्ह्यात त्याचे निदान चार अर्थ होऊ शकतात. पहिलं मूल, दिवसभर जुलाब-उलट्या झालेलं, डोळे खोल गेलेले, हातपाय गार. त्याला पाणी हवं, सलाईन हवं, आणि लवकर हवं. दुसरं मूल तापानं फणफणलेलं, अंगात जंतूंचा प्रादुर्भाव पसरलेला. तिसरं अगदी हडकुळं, रक्त कमी असलेलं. त्याच्या हृदयाला भरधाव सलाईन सोसत नाही. चौथ्याला संध्याकाळी कुडाच्या घरात किंवा विटांच्या ढिगात लाल विंचू चावलाय. घाम फुटलाय, उलटी झालीय, हातपाय बर्फ झालेत. चारही मुलं दुरून सारखीच दिसतात आणि चौघांनाही हात जातो तो सलाईनच्या बाटलीकडे.

विंचवाच्या या मुलाची कथा महाराष्ट्रानं जगाला सांगितलेली आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या शेजारच्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं आणि 1986 मध्ये त्यावर प्राझोसिन ही गोळी वापरण्याबद्दलचा लेख. त्याआधी गंभीर विंचूदंशात दगावणाऱ्यांचं प्रमाण शेकडा तीसच्या घरात होतं, ते एका टक्क्याच्या आसपास आलं. गोळी स्वस्त आहे, तोंडानं देता येते. पण ती दिल्यावर मुलाला उचलून उभं करायचं नसतं, कारण रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आणि आपल्याकडे आजीचा पहिला हात पोराला उचलून कडेवर घेण्याकडेच जातो. म्हणजे सिस्टरला नुसता डोस येऊन भागत नाही. आजीला आवाज न चढवता थांबवताही यायला हवं. हेही प्रशिक्षणच आहे, पण कुठल्याही मॉड्यूलमध्ये त्याला तासिका नाही.

दुसऱ्या, तापलेल्या मुलाबद्दलचा धडा आफ्रिकेतून आला. केनिया, टांझानिया आणि युगांडात तीन हजारांहून अधिक तापलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवर एक मोठी चाचणी झाली. 2011 मध्ये तिचे निष्कर्ष आले. झपाट्यानं शिरेतून पाणी दिलेल्या मुलांपैकी पहिल्या दोन दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण साडेदहा टक्के होतं, तसं न दिलेल्यांत सव्वासात टक्क्यांच्या आसपास. जुलाबानं सुकलेली मुलं या चाचणीत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही जगभरच्या डॉक्टरांना धक्का बसला, कारण सलाईन जोरात सोडणं हा त्यांचा हुकमी एक्का होता. आपल्या ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सला हे कुणी समजावून सांगितलंय का? बाटली लावणं तिला शंभर वेळा शिकवलं गेलंय. कधी लावायची नाही हे शिकवायला माणसाशी चर्चा करावी लागते, प्रश्न विचारावे लागतात, तिचंही ऐकावं लागतं. पीपीटीवर ते बसत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. नर्स, कक्षसेवक, आशाताई यांना इतका बारकावा कसा झेपणार? त्यांना सांगा, ‘ताबडतोब रेफर करा’, विषय संपला. या आक्षेपाचं उत्तर विदर्भानंच तीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी शिकवली. बाळ जन्मतः रडलं नाही तर पिशवी-मास्कने श्वास देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले गेले, त्या गावांतलं नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानानं 62 टक्क्यांनी उतरलं होतं. त्याही आधी न्यूमोनियाच्या कामात ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा सुइणींसाठी मण्यांचं साधन केलं होतं: एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाबरोबर दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवत जायचं, शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ श्वास, वर्षाच्या आतल्याला पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस, ही जगन्मान्य मर्यादा आहे; ती ओलांडली का हे ओळखणं मण्यांनी सोपं केलं.

गडचिरोलीची गोष्ट आपण सभांमधून अभिमानानं सांगतो, पण तिच्यातलं एक कलम गाळतो. त्या बायांना एकदा शिबिरात बसवून प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं. पर्यवेक्षक पुन्हा पुन्हा गावात जात होते, नोंदवही तपासत होते, चुकलेलं तिथंच करून दाखवत होते. हातचं कसब वापरात नसलं की काही महिन्यांत गंजतं, डॉक्टरचंसुद्धा. एखाद्या आरोग्य केंद्रात श्वास थांबलेलं मूल वर्षातून एखाद्या वेळी येणार. तेवढ्या सरावावर हात तयार राहणं शक्यच नाही. सरकारची प्रशिक्षणं आहेत, नाहीत असं नाही. 2009 मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला, त्याच सुमारास रुग्णालयांसाठी बालआजारांच्या एकात्मिक उपचारांचा अभ्यासक्रम आला, बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटनाही आपले वर्ग घेते. मजकुरात फारसा दोष नाही. पण प्रत्यक्षात काय उरतं? जिल्ह्याच्या गावी दोन-तीन दिवस, एक फोल्डर, एक पेन, दुपारचं जेवण, शेवटी ग्रुप फोटो. परत आल्यावर त्या सिस्टरची ड्युटी लागते कुटुंबनियोजनाच्या कॅम्पला आणि सहा महिन्यांनी तिची बदली होते.

बदली हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. कंत्राटी कर्मचारी येतात-जातात, मेडिकल ऑफिसर पीजीला लागला की निघतो. शिकवून काय उपयोग? माझ्या मते याचं उत्तर एवढंच की शिकवायचं ते माणसाला नव्हे, जागेला. मंदिरातला काकडा पुजारी बदलला म्हणून थांबत नाही, तसा सराव त्या इमारतीच्या दिनक्रमाचा भाग झाला पाहिजे. महिन्यातून दोनदा, दुपारी शिफ्ट बदलताना, कारण त्या अर्ध्या तासात दोन्ही पाळ्यांची माणसं हजर असतात. स्वतःच्याच कॅज्युअल्टीत, स्वतःच्याच ट्रेवर, बाहुली ठेवून दहा मिनिटं. मावशीनं काय करायचं हेही ठरलेलं: ऑक्सिजनची चावी, नातेवाइकांना बाहेर नेणं, १०८ ला फोन. नवीन आलेली नर्स पहिल्याच आठवड्यात त्यात सापडते आणि जाणारी जाते तिथं ती सवय घेऊन जाते.

मलावीतल्या ब्लँटायर शहराच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयाचं उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. तिथं गर्दीत आलेल्या मुलांची दारातच चाळणी करायला सुरुवात झाली: आत्ता मरू शकतं ते, थोडं थांबू शकतं ते आणि रांगेत बसू शकतं ते. उपचाराची जागा दाराजवळ आणली, सर्वांना तेच शिकवलं. दाखल मुलांचा मृत्युदर दहा टक्क्यांच्या वर असायचा, तो सहा ते आठ टक्क्यांवर आला. आपल्याकडे ओपीडीच्या खिडकीवर केसपेपर काढण्यासाठी रांगेत उभी असलेली आई आठवून बघा. तिच्या खांद्यावर मान टाकलेलं मूल झोपलंय की बेशुद्ध आहे, हे बघण्याची जबाबदारी कुणाची? केसपेपर लिहिणाऱ्या कारकुनाला आणि दारावरच्या शिपायाला तीन प्रश्न शिकवले तर बालरोग विभागाचं अर्धं काम दारात होईल: श्वास नीट घेतोय का, हाक दिली की बघतो का, झटके आलेत का. ही दोघं कुठल्याच प्रशिक्षणाच्या यादीत नसतात.

तेवढंच खरं की नवजात बाळांकडे गेल्या दीड-दोन दशकांत यंत्रणेचं लक्ष गेलं. त्यांच्यासाठी वेगळे कक्ष झाले, वॉर्मर आले. ते हवंच होतं. नमुना नोंदणीच्या 2020 च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे पाच वर्षांखालची 18 मुलं दगावतात आणि त्यांतली 11 पहिल्या अठ्ठावीस दिवसांतली. पण उरलेली सात? ती सामान्य कॅज्युअल्टीत येतात, जिथं त्याच वेळी दारू प्यालेल्याची मारामारी आणि पोलीस केस चालू असते. आणि सहा-सात वर्षांचं, जमिनीवर झोपलेलं, पहाटे मण्यार चावलेलं मूल तर या हिशेबातच बसत नाही. मण्यारीचा दंश दुखत नाही. पोट दुखतंय म्हणून मूल रडतं, मग पापण्या मिटायला लागतात, मग श्वास मंदावतो. विषावरचं औषध चालू केल्यावरही ते मूल जगतं ते कुणीतरी घाटभर पिशवी दाबत राहिल्यामुळे.

इथे रेफरचा विषय येतो. ‘वरती पाठवा’ हे आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचं सर्वांत लाडकं वाक्य. त्याबद्दल खालच्या डॉक्टरांना शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यांची भीती खोटी नाही. मूल दारात गेलं तर काचा फुटतात. राज्यात 2010 पासून रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा असला तरी रात्री दोनला तो कामाला येत नाही. रेफर करणं हा गुन्हा नव्हेच. साखर न तपासता, श्वास न सावरता, पुढे फोन न करता चिठ्ठी हातात देणं हा गुन्हा आहे. झटके थांबवून, मान सरळ ठेवून, ऑक्सिजन लावून, पुढच्या डॉक्टरला काय दिलं ते सांगून पाठवलेलं मूल आणि नुसतं पाठवलेलं मूल यांच्यात घाट चढेपर्यंत फार फरक पडलेला असतो.

आणि या साखळीच्या कड्या वेगवेगळ्या मालकांच्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. 2014 मध्ये सुरू झालेली १०८ ची रुग्णवाहिका कंत्राटदाराकडे. सुरुवातीच्या राज्यभरच्या 937 गाड्यांतल्या 704 साध्या सोयींच्या होत्या, आणि त्यांत बसलेला डॉक्टर बहुधा बीएएमएस. खासगी दवाखाना तर कुणाचाच नाही, आणि मूल आधी तिथंच जातं. हे सगळे आपापलं प्रशिक्षण आपापल्या ठिकाणी घेतात. एकच मूल चौघांच्या हातांतून जातं, पण या चौघांनी एकत्र एकदाही सराव केलेला नसतो. जिल्ह्याची गरज मला विचाराल तर पहिली हीच आहे. डोस आणि सूत्रं त्यानंतर.

आपल्याकडे शिकण्याची जागा शिक्षेनं घेतली आहे. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवानं वाचली. कारवाई झाली. पण लसीची कुपी आणि सॅनिटायझरची बाटली एकाच टेबलावर कशी आली, ती येऊ नये म्हणून बूथची मांडणी काय असावी, हे शेजारच्या जिल्ह्यांत किती ठिकाणी शिकवलं गेलं? त्याच महिन्यात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, सात वाचवता आली. चौकशी, निलंबन, गुन्हे. ज्याला चूक सांगितल्यावर नोकरी जाण्याची धास्ती आहे तो चूक सांगत नाही, लपवतो. प्रत्येक बालमृत्यूच्या आढाव्याची बैठक जर ‘दोषी कोण’ यावर सुरू होत असेल तर तिथून प्रशिक्षणाची गरज कधीच बाहेर येणार नाही. आणि खरी गरज त्या कागदांतच असते: मूल किती वाजता आलं, पहिला हात कुणी लावला, ऑक्सिजन किती मिनिटांनी लागला.

शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड परिसरात 2024 च्या अखेरीला लोकांचे केस एकाएकी गळू लागले तेव्हा दिल्लीहून पथकं आली, पाण्याचे आणि धान्याचे नमुने गेले, टीव्हीच्या गाड्या आल्या. ते योग्यच झालं. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून पंचवीस माणसं गेली तेव्हाही सगळं राज्य हललं. मूल मात्र एकेकटं येतं. संग्रामपूरला एक, लोणारला एक. त्याची बातमी होत नाही, म्हणून त्याच्यासाठी बैठकही होत नाही.

आता बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यातल्या ज्या दहा नव्या महाविद्यालयांचं एकाच वेळी उद्घाटन झालं त्यांत ते होतं. लोकांना वाटतं, आता प्रश्न सुटला. मला भीती वेगळी वाटते. महाविद्यालय आलं की चांगली माणसं आणि साधनं घाटावर गोळा होतील आणि घाटाखाली ‘आता तर कॉलेजच आहे, तिकडेच पाठवा’ हे कारण मिळेल. पण त्याचा उलटा उपयोगही शक्य आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला बाहुल्यांवर सराव करण्याची प्रयोगशाळा ठेवावीच लागते. ती फक्त एमबीबीएसच्या पोरांची का असावी? आठवड्याचा एक दिवस ती जिल्ह्यातल्या नर्सेसना, १०८ च्या डॉक्टरांना आणि चालकांना, तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांना खुली ठेवता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करणं आता बंधनकारक आहे. बालरोग शिकणाऱ्या त्या मुलांपैकी एकाला पंधरवड्यातून एकदा बाहुली घेऊन जळगाव जामोदला पाठवलं तर त्यालाही कळेल की चावी सापडत नाही म्हणजे काय.

पैसा लागणार नाही असं मी म्हणत नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला एक बाळाची आणि एक थोराड पोराची बाहुली, तीन मापांचे मास्क, साखर तपासण्याच्या न संपलेल्या पट्ट्या एवढं तरी विकत घ्यावं लागेल. सरावाच्या त्या दहा मिनिटांत वॉर्ड कोण बघणार हेही ठरवावं लागेल, कारण तीस खाटांना एक नर्स असेल तर ती बाहुलीशी खेळत बसली असं नातेवाईक म्हणतील आणि साहेबही म्हणतील. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि महाविद्यालयाचे अधिष्ठाता यांनी मिळून एका पानाचा आदेश काढला तर सुरुवात एका तालुक्यापासून करता येईल. ती संग्रामपूरपासून करावी, बुलढाण्यापासून नको.